चिठ्ठी प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२५

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत. संध्याकाळी उघडतं. लोक येतात, पेपर चाळतात, कपाटापुढे उभे राहतात आणि विचारतात, “वहिनी, यातलं चांगलं कोणतं हाय?” या प्रश्नाला रोज तोंडी उत्तर देऊन मी थकले. म्हणून आता प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवायची. मला पुस्तक कसं वाटलं, कुठे कंटाळा आला, कोणी न्यावं, एवढंच. गोष्ट सांगायची नाही. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘संग्रही असावे असे’ यांना बंदी. आणि पूर्ण वाचल्याशिवाय चिठ्ठी नाही.

कपाटात दोन थर आहेत. खालचा गुरुजींचा. १९७३ साली यवतमाळला साहित्य संमेलन झालं, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. तिथून गुरुजी पोतंभर पुस्तकं शकुंतला रेल्वेत टाकून घेऊन आले, असं म्हातारे सांगतात. वरचा थर अनुदानातून घेतलेला आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या शिक्क्याचा. मधली बरीच वर्षं नुसती धूळ.

मृग लागला, पण पेरणीजोगा पाऊस नाही. तेवढ्यात होईल तेवढं वाचून घ्यायचं.

१९ जून

काल सोलापूरला मारुती चितमपल्ली गेले. नव्वदी ओलांडली होती, याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. आज वाचनालय उघडायच्या आधीच दोघं जण दारात उभे. माणूस गेला की त्याची पुस्तकं आठवतात, हे आपल्याकडचं जुनंच आहे. असो, पुस्तकं बाहेर पडली हे खरं.

‘चकवाचांदण’ आमच्याकडे आहे. जाडजूड आत्मचरित्र. मागच्या हिवाळ्यात आमच्या यांनी ते जागलीवर, म्हणजे रात्री वावर राखायला जाताना, नेऊन संपवलं, डोक्याला बॅटरी बांधून, एक कान रोह्यांकडे (नीलगायींकडे) ठेवून. मी त्यांच्यानंतर वाचलं. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते शिकवणाऱ्यांचं देणं मान्य करणं. वनखात्याचा साहेब नवेगावबांधला येतो आणि माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसापुढे विद्यार्थी होऊन बसतो. कोणता पक्षी कोणी दाखवला, कोणती खूण कोणी सांगितली, हे नावानिशी लिहिलंय. आमच्याकडे बाहेरून येणारा प्रत्येक अधिकारी आम्हाला शिकवायलाच येतो, त्यामुळे हे विशेष वाटलं.

एक मात्र खटकलं. स्वतः पाहिलेलं आणि कोणाकडून ऐकलेलं, दोन्ही ते एकाच आवाजात सांगतात. कुठे थांबून ‘हे खरं का’ विचारावं ते कळत नाही. घरी बोलले तर उत्तर मिळालं, “रात्री बारा वाजता एकटं वावरात बस, सगळंच खरं वाटते.”

चिठ्ठीवर ते वाक्यच घातलं. खाली लिहिलं: जागल असणाऱ्यांनी न्यावं. परत आणताना पानांतले पाखरांचे पंख काढून घ्यावेत.

२ जुलै

पेरणी आटोपली. ‘बारोमास’ची चिठ्ठी. सदानंद देशमुखांची ही कादंबरी २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीत अडकलेला एकनाथ. लेखक विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्याचे. गावात ही कोणी नेत नाही. कारण विचारलं तर, “घरचंच हाय ना ते, पुस्तकात कायले वाचू?” याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मीही ती एका दमात वाचू शकले नाही. चिठ्ठीत लिहिलं: सोयाबीन विकून हातात पैसे असताना वाचावी.

१३ जुलै

निंदणाला बाया मिळेनात, म्हणून तीन दिवस मीच वावरात. रात्री ‘धग’.

उद्धव शेळक्यांची कादंबरी, १९६० ची. गुरुजींच्या थरातली, पानं तंबाखूच्या रंगाची. कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा नुसतं नवल वाटलं होतं, की आपली आजी बोलते तसं पुस्तकातली माणसं बोलतात. आता त्या बोलीचं काही वाटलं नाही. आता मी कौतिकचा हिशेब बघत होते. शिंप्याच्या घरची बाई, नवऱ्याचं मन कामात नाही, लेकरं तोंडाशी. ती रोजानं जाते, उसनं आणते, फेडते, पुन्हा आणते. शेळके कुठे गळा काढत नाहीत. घरात काय उरलंय आणि उद्या कोणाच्या दारात उभं राहायचंय, ते सांगतात आणि पुढे जातात. गरिबीवर लिहिलेली पुष्कळ पुस्तकं या कपाटात आहेत. त्यातल्या बऱ्याच लेखकांना गरिबांचा कळवळा आहे, पण तेल किती दिवस पुरतं हे माहीत नाही. माझ्यापुरती मी आता ही परीक्षाच ठरवून टाकली आहे: पुस्तकात हिशेब लागतो का?

महादेवाला, म्हणजे कौतिकच्या नवऱ्याला, पुढे महारोग होतो. ते वाचून झालं आणि झोप येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम ‘समिधा’ काढलं. साधनाताई आमट्यांचं. आनंदवन इथून फार लांब नाही, आमच्या गावचे लोक वरोऱ्याला जाऊन आलेले आहेत. बाबा आमट्यांवर लिहिलेल्या बहुतेक मजकुरात बाबांचा पुतळा झालेला असतो. ‘समिधा’त ते घरातला माणूस आहेत. हट्टी, आवेगी, घेतला निर्णय की घेतला, आणि त्या निर्णयाची भाकर थापणारी ही. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये, एवढ्यावर आनंदवन सुरू झालं ही गोष्ट आपण सगळ्यांनी भाषणांत ऐकलेली आहे. भाषणात ती टाळ्यांसाठी येते. १४ रुपये ज्या बाईच्या संसाराचे होते तिच्याकडून ऐकताना वेगळी लागते. नागपूरच्या सोवळ्यातल्या घुल्यांच्या घरातून आलेली मुलगी महारोग्यांच्या वस्तीत चूल मांडते, आणि त्याचं कौतुक करून घ्यायला ती कुठेही थांबत नाही.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून उलटसुलट वाचली. एकात रोग घरात शिरतो आणि घर बसतं. दुसऱ्यात घरच उठून रोगाकडे जातं. शेजारच्या काकूंना मी दोन्हींबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, “कौतिकीच्या मालकाले न्यायचं होतं ना मग वरोऱ्याले.” पुस्तकातल्या माणसाला एसटीत बसवून नेता येत नाही, हे मी त्यांना समजावत बसले नाही. त्या बरोबरच बोलत होत्या.

‘धग’ची चिठ्ठी: बायांनी जरूर न्यावी, पण एका बैठकीत वाचू नये. आणि सासवांनी ती सुनेला देऊन ‘पाय, कौतिकीनं कसं सोसलं’ असं म्हणू नये.

१७ ऑगस्ट

पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. मूळ इंग्रजी १९९६ चं. हे पुस्तक विदर्भाबद्दल असेल असं समजून लोक नेतात आणि निराश होतात. त्यातले जिल्हे बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, तामिळनाडू अशा राज्यांतले आहेत.

मी मात्र पहिल्याच गोष्टीत अडकले. ओडिशातल्या एका गरीब भागात सरकार चांगल्या जातीच्या वासरांची योजना आणतं. गायी वाटल्या जातात. संकर बिघडू नये म्हणून गावठी बैलांचं खच्चीकरण होतं. शेवटी वासरं निघतात मोजकी आणि तिथली स्वतःची खरियार नावाची जात मात्र जवळजवळ संपते. लेखक हे सांगताना आवाज चढवत नाही, फाइल वाचून दाखवावी तसं सांगतो. त्यामुळे हसू येतं, आणि हसल्यावर लाज वाटते.

आता आमचं. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात यवतमाळ होतं. त्या पॅकेजातही गायी होत्या, अर्ध्या किमतीत, संकरित. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही त्याच्या दारात दिवसाला ढीगभर हिरवा चारा खाणारी गाय बांधली. आमच्या गावात त्यातली एक गाय दोन-तीन गोठे फिरली आणि शेवटी बाजारात गेली. दहा वर्षं आधी छापलेलं पुस्तक कोणीतरी टेबलावरून उचलून वाचलं असतं तर!

एक तक्रार आहे. लेख वर्तमानपत्रासाठी लिहिलेले, म्हणून छोटे. एका माणसाशी ओळख होते न होते तोच पुढचा जिल्हा. ताडी काढणारा दिवसाला किती झाडं चढतो हे मोजणारा लेखक आहे हा. अशा माणसानं एकाच गावात बसून सबंध पुस्तक लिहावं, असं मला फार वाटत राहिलं.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. बैल कमी, ट्रॅक्टर धुतलेले जास्त. पारावर एकच विषय: केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८११० रुपये जाहीर झालाय, पण बाहेरची गाठ स्वस्तात आली तर तो कागदावरच राहील, असं सगळ्यांचं म्हणणं.

अशा दिवसांत मी ‘एक होता कार्व्हर’ची चिठ्ठी लिहायला घेतली. वीणा गवाणकरांचं, १९८१ चं. हे शाळेत बक्षीस म्हणून दिलं जाणारं पुस्तक. त्यामुळे मोठी माणसं त्याला हात लावत नाहीत, लहान मुलांचं समजतात. खरं तर ते कापसाचं पुस्तक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन जमीन मेलेली, गुलामीतून सुटलेली माणसं कर्जात रुतलेली. १८९६ साली कार्व्हर टस्कीगीला येतो तेव्हा त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, उकिरड्यावरच्या बाटल्या आणि डबे आहेत. तो सांगतो: कापूस थांबवा, भुईमूग लावा, चवळी लावा, रताळी लावा, जमिनीला दम घेऊ द्या. पुढे घोड्याच्या गाडीत अवजारं आणि बियाणं भरून शेतकऱ्यांच्या दारात शाळा नेतो. गुलामाच्या पोटी जन्मलेला, लहानपणी चोरांनी पळवलेला आणि एका घोड्याच्या बदल्यात सोडवून आणलेला हा माणूस.

मी हे पारावर बोलले. तिथे एक कास्तकार आहेत, कमी बोलतात. म्हणाले, “सुनबाई, भुईमूग आमच्या बापानंबी लावला होता. कार्व्हरच्या गावात रानडुकरं नसतील.” सगळे हसले, पण मुद्दा खरा. एका रात्रीत कळप येतो आणि शेंगांसकट वावर नांगरून जातो. आमच्याकडे भुईमूग बंद झाला तो मातीमुळे नाही. पुस्तक वाचून लगेच ‘आपणही असं करावं’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे चिठ्ठीत घातलं.

अजून एक गोष्ट माझ्या मुलानं मोबाइलवर दाखवली. कार्व्हरच्या अलाबामातच एंटरप्राइज नावाचं गाव आहे. तिथे बोंडभुंग्यानं कापूस खाल्ला, लोक भुईमुगाकडे वळले, पैसा आला, आणि १९१९ साली गावानं चौकात त्या किड्याचं स्मारक उभारलं. (तो सोंडेचा भुंगा. आपली गुलाबी बोंडअळी म्हणजे पतंगाची अळी, वेगळी जात.) हे ऐकून पोट्टे खूश. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात बोंडअळी आली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. इथे तिचा पुतळा कोणी बसवणार नाही.

पुस्तकाबद्दल एक तक्रार: कार्व्हर फार चांगला आहे. सगळीकडे, सगळ्यांशी. माणूस कधीतरी चिडला असेल. गवाणकरांना तो इतका आवडलाय की त्यांनी त्याला चिडू दिलेलं नाही.

१४ सप्टेंबर

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं जी पुस्तकं सर्वांत जास्त मागतात, त्यातलं एक वाचलं. श्रीमंत कसं व्हावं याचं, इंग्रजीवरून आलेलं. नाव लिहीत नाही, सगळी सारखीच आहेत. पैशावरचं पुस्तक, पण सुरुवातीला खिशात किती होते आणि ते कुठून आले, हे कुठेच नाही. माझ्या परीक्षेत नापास. चिठ्ठी लिहिली: तीन तासांत वाचून होतं. सकाळी पळून आल्यावर वाचायला बरं. कर्ज काढण्याआधी वाचू नये.

मुलांना चिठ्ठी आवडली नाही. पुस्तक मात्र आधीपेक्षा जास्त जातंय.

५ ऑक्टोबर

कपाटातलं सगळ्यांत फाटकं पुस्तक ‘मृत्युंजय’. दोनदा बांधून घेतलं. सगळ्यांत कोरं ‘युगांत’. शिवाजी सावंत आणि इरावती कर्वे. दोन्ही पुस्तकं १९६७ ची, दोन्हींत महाभारत, आणि एकाच महाभारताची वाटू नयेत इतकी वेगळी.

‘मृत्युंजय’ मी अकरावीत वाचलं आणि रडले. आत्ता पुन्हा वाचलं. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात, शेवटी कृष्ण बोलतो. आपापली बाजू प्रत्येक जण मांडतो आणि तरी सगळ्यांचा आवाज एकच, भरजरी. उपमांवर उपमा. वावरातून आल्यावर, हातपाय दुखत असताना, मला ते जड गेलं. पण माझ्या समोरच्या बाकावर बसून एक मुलगा ते वाचत होता. घरच्या परिस्थितीनं शिक्षण सुटलेलं, हुशार. त्याला कर्णात काय दिसतं हे मला विचारावं लागलं नाही. ‘तुझी लायकी आहे, पण तुझं कूळ विचारलं जाईल’ हे ज्याला रोज ऐकायला मिळतं त्याला त्या उपमा जास्त होत नाहीत. म्हणून चिठ्ठीत मी भाषेबद्दल काही लिहिलं नाही.

‘युगांत’मध्ये इरावतीबाई कोणाचीच गय करत नाहीत. भीष्मानं प्रतिज्ञा केली, ठीक, पण त्या प्रतिज्ञेची किंमत कोणत्या बायांनी भरली? अंबा, गांधारी, कुंती, माद्री. त्या एकेकीचं खातं उघडतात. द्रोण आणि अश्वत्थाम्याला ब्राह्मण म्हणून सूट देत नाहीत. आणि कर्णालाही नाही. तो थोर होता म्हणून त्याचं वागणं त्या झाकत नाहीत. मानववंशशास्त्र शिकवणारी बाई, शेजारच्या घरातला वाटणीचा वाद ऐकावा तशी शांतपणे महाभारत ऐकते.

मी हलले ते खांडववनावरचं वाचून. कृष्ण आणि अर्जुन वन जाळतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, अग्नीला भूक लागली होती वगैरे. इरावतीबाई एकच विचारतात: आगीतून पळणारं एकही जनावर जिवंत सुटू नये म्हणून चहूबाजूंनी बाण का मारले? जमीन हवी होती. वस्ती करायची होती. ते वाचताना मला पांढरकवडा-राळेगावकडची वाघीण आठवली, २०१८ साली मारली ती. तिच्यावर तेरा माणसांचा आळ होता. ती मेल्यावर त्या गावांत मिठाई वाटली गेली आणि शहरांत मेणबत्त्या लागल्या. मी त्या गावांत कापूस वेचत असते तर मिठाई खाल्ली असती. तरी पुस्तकातला प्रश्न राहतोच, की रान कोणाचं आणि मोकळं कोणासाठी केलं. यावर मला काही निकाल देता आला नाही, चिठ्ठीतही दिला नाही.

‘युगांत’ची चिठ्ठी: भाषा कोरडी आहे. भक्तीनं वाचायला घेऊ नये. आधी ‘मृत्युंजय’ वाचलेल्यांनी मुद्दाम न्यावं आणि भांडायला यावं.

९ नोव्हेंबर

वेचणी. वाचनालय दोन दिवसांआड. दुपारी भाकर खायला बसतो तेव्हा बायांना वाचून दाखवायचं, असं मी सहज सुरू केलं. पुस्तक ‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळकांचं. दुसरं कोणतंही पुस्तक पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीत टिकलं नसतं.

सुरुवात बापाच्या सोवळ्यापासून. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही असा माणूस. मी वाचत होते आणि एक बाई मध्येच म्हणाली, “याले कोणी कापूस धुवून मांगा म्हणावं.” पुढे लग्न, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा स्वभाव. न सांगता निघून जाणं, हातात पैसा आला की वाटून मोकळं होणं, कविता. नागपूरला श्रीमंत बुटींकडे टिळक कामाला होते, तो भाग आला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता बाईला सुख लागेल. लागलं नाही. मग १८९५ साली टिळक ख्रिस्ती होतात आणि ही एकटी पडते.

इथे मी थांबले, कारण मला वाटलं धर्म बदलल्याचा विषय, कोणी तरी काही बोलेल. बायांचा प्रश्न वेगळाच: “मग तिनं पोराचं काय केलं? पैसे कुठून आणले?” तोच हिशेब. आणि लक्ष्मीबाई उत्तर देतात, सगळं लिहिलंय त्यांनी. कोणी ठेवून घेतलं, कोणी टोमणे मारले, कोणाकडे काय खाल्लं. पुढे त्या टिळकांकडे परत जातात, पण लगेच बाप्तिस्मा घेत नाहीत. सोवळं एकेक पायरीनं सुटतं, आणि त्या प्रत्येक पायरीवर स्वतःला हसतात. स्वतःवर इतकं हसणारी दुसरी लेखिका मला माहीत नाही. जेमतेम वाचायला शिकलेली बाई, लेखणी धरण्याचा कंटाळा असणारी, आणि पुढे नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तिनंच पुरं करत नेलं.

पुस्तक १९३४ पासून भागांत आलं. पहिला भाग आम्हाला लगेच आपला वाटला. शेवटाकडे जरा पातळ होतं, माणसांची नावं फार येतात, ती भराभर ओलांडली तरी चालतं. चिठ्ठीत हे स्पष्ट लिहिणार. वाचकाला अशी परवानगी दिली की तो पुस्तक पुरं करतो, हा अनुभव.

१६ नोव्हेंबर

बाया आता विचारतात, “आज टिळकबाई कुठं गेली?” मुकादम म्हणतो, वेचणी कमी भरते. भरत नाही कमी, मी वजनं बघितली.

३० नोव्हेंबर

एका आजींनी ‘लीळाचरित्र’ मागितलं, त्यांच्या घरात महानुभाव पंथ आहे. प्रत आणून दिली. त्यांनी कपाळाला लावली आणि मलाच परत दिली, “तू वाच, मले पाठ हाय.”

म्हणून वाचलं. तेराव्या शतकातलं मराठी गद्य, म्हाइंभटांनी रिद्धपूरला जमवलेलं. रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, आता तिथे मराठीचं विद्यापीठ झालंय. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट माणसामाणसाकडे जाऊन विचारतात, स्वामी तेव्हा काय म्हणाले, कुठे बसले होते, काय खाल्लं. ज्यानं पाहिलं त्याच्याच तोंडून. मला त्यांची ही पद्धत आवडली, देवत्वाच्या गोष्टींपेक्षा जास्त. भाषा पहिल्या वीस पानांत अडते. मग आपल्या आजीच्या बोलण्यातले शब्द ओळखू यायला लागतात आणि वाट सापडते. लीळा चार-सहा ओळींच्या, चहा उकळेपर्यंत एक होते.

बायांच्या विटाळाबद्दल स्वामी सांगतात, की नाकातोंडातून मळ येतो तसाच हाही शरीराचा, त्याला शिवाशिव कसली. साडेसातशे वर्षांपूर्वीचं वाक्य. हे पान मी हळदीकुंकवाला वाचणार आहे. गोंधळ होईल, होऊ दे.

१४ डिसेंबर

तुरीला शेंगा भरल्या, रात्री थंडी. ‘सेपियन्स’ची मराठी प्रत एका नोकरीवाल्या मुलानं भेट दिली. हरारी म्हणतो, माणसानं गहू पाळला नाही, गव्हानंच माणसाला पाळीव केलं. पाठ मोडेपर्यंत त्याची चाकरी करायला लावली, आणि शेती हा इतिहासातला सगळ्यात मोठा दगा होता.

शहरात हे वाचून लोक चमकत असतील. पारावर कोणी चमकलं नाही. भुईमूगवाले काकाजी म्हणाले, “गव्हानं निदान खायले तरी देल्लं. पऱ्हाटीनं काय देल्लं?” मग हमीभाव, मग वेचणीचे दर, मग हरारी राहिला बाजूला.

माझं मत: वाचताना वाऱ्यासारखं जातं, आणि म्हणूनच शंका येते. सत्तर हजार वर्षं एका पुस्तकात, प्रत्येक पानावर एक पक्कं विधान. जिथे मला माहिती आहे तिथे, म्हणजे शेतीत, मी ‘हो, पण’ म्हणत होते. मग जिथे मला माहिती नाही तिथे कोण म्हणणार? चिठ्ठीत एवढंच: बरोबर दुसरं कोणीतरी वाचत असेल तरच न्यावं.

२८ डिसेंबर

दोन पातळ चिठ्ठ्या. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९. लेखक अमरावतीत जन्मलेले, गोष्ट मात्र युरोपातून मुंबईला येणाऱ्या बोटीवरची. बोटीवर हाकललेले ज्यू. छोटी कादंबरी, एका रात्रीत होते आणि आठवडाभर डोक्यात राहते. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’. हे परतवाड्यात जन्मलेले, आणि लिहिलं कोकणावर. आमच्याकडे जन्मलेले लेखक आमच्याबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल लिहितात, असं एकदा म्हणावंसं वाटलं, पण मग समोर ‘धग’ दिसलं.

‘पडघवली’त झाडं फार सुंदर आहेत आणि अंबूवहिनी त्याहून. जुनं गाव मोडतंय याचं दुःख मात्र एकाच बाजूनं आलंय, असं मला वाटलं. ज्यांना त्या गावात काही नव्हतं त्यांना मोडल्याचं काय?

११ जानेवारी २०२६

‘युगांत’ परत आलं. बीएच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीनं नेलं होतं. मागचा पुठ्ठा उघडला तर माझ्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी, हिरव्या शाईत:

“वहिनींनी भाषा कोरडी म्हटलं आहे. कोरडी नाही, थंड आहे, आणि थंड असणं हा दोष कसा? ‘मृत्युंजय’ आधी वाचायची काही गरज नाही. मी नाही वाचलं. द्रौपदीसाठी न्यावं. आणि इरावतीबाई गांधारीवर अन्याय करतात.”

प्रकल्पाच्या नियमात दुसऱ्यानं चिठ्ठी लावायची तरतूद नव्हती. आता करते: माझ्या चिठ्ठीखाली कोणीही लावावी, पुस्तक पुरं वाचलेलं असलं पाहिजे, खाली नाव हवं. हिनं नाव घातलेलं आहे.

थंड, हे मान्य. गांधारीबद्दल मान्य नाही. रानातला तो शेवटचा वणवा, धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती बसलेली आहेत, तो लेख हिनं घाईत वाचलाय असं मला वाटतं. नाहीतर मी. पुस्तक आज घरी नेते, ती मंगळवारी येते.